पितळी मुखवटा, नग एक

कौतिकमास्तरांना राग यायला फार मोठं कारण लागत नसे. कपाटाच्या काचेला कोणी नाक लावलं की झालं. पण सन सत्तावन्नच्या पावसाळ्यात त्यांना जो राग आला, तो काढावा कोणावर हेच त्यांना कळेना. कारण शोधत गेलं, की तो राग फिरून त्यांच्याच दारात येऊन उभा राही.

मास्तर म्हणजे कौतिक निंबा चौधरी. शाळेत चित्रकला आणि सुलेखन शिकवायचे. पोरांच्या अक्षराला वळण मास्तरांच्या हाताने कमी आणि छडीने जास्त लागलं, असं बुऱ्हाणपुरात म्हणत. नोकरी संपल्यावर घरात बसून कोकिळाबाईंच्या आमटीत खोड्या काढण्यापेक्षा बरं, म्हणून त्यांनी इतवाऱ्यातल्या वाचनालयाच्या माडीवरचा वस्तुसंग्रह सांभाळायला घेतला. संग्रह कसला, एक लांबट खोली. तिच्यात काही कपाटं. कपाटांत जुनी नाणी, कलाबतूची सोनेरी तार ओढणाऱ्यांची हत्यारं, छापील कापडाचे तुकडे, विणकरांचे झिजलेले धोटे, आणि भिंतीला टेकून हातापायांनी अधू झालेले दोन-चार दगडी देव.

आधीच्या माणसाने प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटवली होती. ‘लाकडी वस्तू.’ ‘लोखंडी वस्तू.’ मास्तरांनी त्या वाचल्या आणि माडी दणाणून सोडली. "लाकडी आहे हे आंधळ्यालाही हाताने कळतं! कोणाची आहे, कशाची आहे, ते लिहायला काय लेखणीला काटे आले होते?"

मग त्यांनी स्वतःची रीत बसवली. वस्तू आणणाऱ्याला समोर बसवायचं, पाणी द्यायचं आणि बोलू द्यायचं. तुमच्या घरात हिला काय म्हणतात? कोण वापरायचं? कोणी हात लावायचा नाही? घरातून का काढली? तो बोलेल ते सगळं कार्डावर उतरवायचं. आणि वस्तूपुढची पाटी चार भाषांत. मराठी आणि हिंदी मास्तर स्वतः लिहीत. उर्दू विणकरांच्या मोहल्ल्यातले कातिब मुनीरसाहेब लिहून देत आणि गुजराती एका कापसाच्या पेढीवरचे मुनीमजी. गावच असं होतं, की एकाच भाषेत पाटी लावली तर तीन शेजाऱ्यांना जिना चढून येण्याचं कारणच उरत नसे.

पण लोकांची तऱ्हा काही वेगळीच. जो तो आपलीच वस्तू पाहायला येई. आजोबाचं नाव नीट लिहिलंय ना, काच पुसलीय ना, एवढं बघे आणि शेजारच्या कपाटाकडे ढुंकून न पाहता जिना उतरे. आपला तो बाब्या! मास्तरांच्या मस्तकात तिडीक जाई. शेवटी त्यांनी दर रविवारी, खालच्या बाजारात खेड्यापाड्यांची माणसं येत तेव्हा, कार्डं मोठ्याने वाचून दाखवायला सुरुवात केली. विणकराला शेतकऱ्याचं कार्ड आणि शेतकरणीला कलाबतूवाल्याचं. ज्याची जी बोली, त्या बोलीत. कोणी मधूनच उठला, तर मास्तर जिन्याच्या तोंडाशी आडवे उभे राहत. "थांबा! आपलं पाहिलं ना? आता दुसऱ्याचंही ऐकून जा. फुकट आहे."

अशाच एका रविवारी धूलकोटची मालूबाई जिना चढून आली. पन्नाशीतली, रापलेली, तीन भावांतला थोरला चुडामण, त्याची विधवा. दोन्ही हातांत छातीशी धरलेलं एक गाठोडं. सगळी कार्डं वाचून होईपर्यंत ती खाली बसून ऐकत राहिली. गर्दी गेल्यावर तिने गाठोडं सोडलं. आत पितळेचा मुखवटा होता, झिजून झिजून गुळगुळीत झालेला. नाकात नथ.

"मास्तर, हे तुमी ठेवा," ती म्हणाली. "पन दान नई देत मी. ठेव्याले देऊ राह्यली."

मास्तरांनी ओळखलं. कानबाई. खानदेशातल्या घरांत नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते. चौरंगावर नारळ, नारळाला मुखवटा, अंगावर नवं लुगडं, बायकांची गाणी, आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू दळून रोट करायचे आणि ते भाऊबंदांनीच एका पंगतीत बसून खायचे. बाहेरच्याला त्यातला कणही देत नाहीत.

"घरची देवी माडीवर कशाला आणली, मालूबाई?"

"काय करू? उखर्डू आन गोटू, दोघं दीर माहे, येकमेकाचं तोंड पाहत नई. वावर वाटलं, इहिरीचं पानी वाटलं, आंगनात भित घातली. आता देवी कशी वाटू? मी म्हटलं, येक साल याच्या घरी बसवा, येक साल त्याच्या घरी. त पहिलं साल कोनाचं, याच्यावर लाठ्या निघाल्या."

"मग?"

"मंग मी म्हटलं, कोनाच्याच घरी नई. तिऱ्हाईताच्या घरी ठेवते. सरावनात तुमी सोता माह्या घरी घेऊन या. जो पंगतीत बसन त्याची कानबाई, जो उठन त्याची नई. दोघाईनं कबूल केलं." तिने मुखवट्याची नथ सरळ केली. "येवढी येकच गाठ राह्यली मास्तर आमच्या घरात. हे सुटली त घर गेलं."

आजवर लोकांनी मास्तरांना नको झालेल्या वस्तू दिल्या होत्या. हवी असलेली वस्तू कोणी दिली नव्हती. त्यांनी मालूबाईचा शब्दन् शब्द कार्डावर घेतला, अटीसकट, आणि खाली तिचा अंगठा.

त्या श्रावणात मुखवटा उपरण्यात बांधून मास्तर बसने धूलकोटला गेले. ते बाहेरचे, म्हणून ओट्यावर चहा पीत बसले. आतून पुरणाचा आणि गंगाफळाच्या भाजीचा वास येत होता. दाराच्या फटीतून त्यांनी पंगत पाहिली. उखर्डू आणि गोटू शेजारी बसले होते, खाली मान घालून. बऱ्याच वेळाने उखर्डू म्हणाला, "सरक जरा." गोटू सरकला. बोलणं एवढंच झालं. पण दाराआड उभ्या असलेल्या मालूबाईने पदर डोळ्यांना लावला. मास्तरांनी परत आल्यावर तेही कार्डावर चढवलं. असं कार्ड आपण जन्मात लिहिलं नाही, असं त्यांना वाटलं, आणि ते खरंही होतं.

मग नोव्हेंबरात राज्यं बदलली. कालपर्यंत नागपूरकडे तोंड करून बसलेलं गाव भोपाळकडे वळलं. मास्तरांना त्याचं दुःख नव्हतं. दुःख झालं ते कागदांचं. संग्रहाची फाईल नागपुरात, साहेब भोपाळात, वस्तू बुऱ्हाणपुरात. काहीही विचारा, ‘पूर्वपत्र प्राप्त नहीं’ एवढंच उत्तर. आणि वरून नवे हुकूम मात्र बिनचूक पोचत. पाट्या यापुढे फक्त हिंदीत, ठरवून दिलेल्या शब्दांत. लेखी परवानगीशिवाय एकही वस्तू इमारतीबाहेर जाणार नाही.

ठरवून दिलेले शब्द पाहून मास्तरांनी कपाळावर हात मारला. कलाबतूची तार ज्या पट्टीतून ओढतात तिला गाव पिढ्यानपिढ्या जंतरी म्हणत आलं होतं. ती झाली ‘तार-कर्षण यंत्र’. धोटा झाला ‘वयन-उपकरण’. कानबाई झाली ‘धातु-निर्मित मुखाकृति’. कलाबतूच्या धंद्यात केस पांढरे झालेला एक म्हातारा जंतरीसमोर उभा राहून विचारता झाला, "मास्टर, ये नई चीज आई क्या?" त्याच्याच बापाची होती ती! मास्तरांनी विरोधाची पत्रं लिहिली, सुंदर अक्षरात. उत्तर आलं नाही. मराठी, उर्दू आणि गुजराती पाट्या त्यांनी काढल्या, पण फेकल्या नाहीत. रविवारचं वाचन तेवढं चालू ठेवलं, कारण तोंडावर अजून हुकूम निघालेला नव्हता.

आणि मग वैशाखात पाहणीला साहेब आले.

मास्तर भांडायच्याच तयारीने उभे होते. पण साहेब निघाला सज्जन. हळू बोलणारा, वस्तूसमोर थांबणारा. त्याने कार्डांचा खोका उघडायला सांगितला. वरून आलेल्या माणसाने कार्ड मागावं, हे मास्तरांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. इतक्या दिवसांची उपासमार, त्यात समोर ताट. मास्तरांचं भान सुटलं. त्यांनी नेमकं कानबाईचं कार्ड काढलं आणि रविवारच्या थाटात हिंदीतून वाचून दाखवलं. भिंत, विहीर, लाठ्या, सव्वा मूठ गहू, ‘सरक जरा’. काहीही गाळलं नाही.

साहेबाने चष्मा काढून पुसला. "मास्टरजी, ऐसा कार्ड मैंने कहीं नहीं देखा."

मास्तर फुलले. त्याच आनंदात त्यांनी श्रावणातल्या परवानगीचं काढलं. "जरूर, लिखकर भेजिए," साहेब म्हणाला. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी लिहून पाठवलं, कार्डाच्या नकलेसकट. घरी कोकिळाबाईंना सांगितलं, "बघ, नीट लिहिलं की नीट वाचणारा भेटतोच."

उत्तर आषाढात आलं. नव्या राज्याचं पहिलं वर्ष पुरं होतंय, त्यानिमित्त राजधानीत प्रदर्शन भरणार आहे. नाना भाषांची, नाना रीतींची माणसं एका राज्यात कशी नांदतात, ते लोकांना दाखवायचं आहे. आपल्याकडील मुखाकृति आणि तिची हकिगत या विषयाला अत्यंत अनुरूप आहे. दोन्ही भाऊ एका पंगतीत बसतात, हे प्रदर्शनाचं मुख्य चित्र राहील. वस्तू न्यायला माणूस येत आहे. श्रावणातल्या परवानगीचा विचार प्रदर्शनानंतर करू.

मास्तरांनी ते पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मग त्यांना रागाऐवजी घाम फुटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आधीच्या माणसासारखं ‘पितळी मुखवटा, नग एक’ असं लिहून ठेवलं असतं, तर त्या मुखवट्याकडे कुत्रंही फिरकलं नसतं. दर श्रावणात उपरण्यात बांधून नेला असता आणि परत आणून ठेवला असता. एकजूट दाखवायला म्हणून जी वस्तू नेत होते, ती नेल्यानेच एकजूट मोडणार होती. हे त्या पत्रामागच्या एकाही माणसाच्या ध्यानात येत नव्हतं, आणि ते सगळं कार्डावर मास्तरांनीच स्वच्छ लिहून दिलं होतं.

ते धावतच वाचनालयाचे चिटणीस दत्तात्रय वकिलांकडे गेले. वकीलसाहेब आनंदात होते. "मास्तर, आपल्या संग्रहाचं नाव राजधानीत झळकणार! आणि तुम्ही तोंड वाकडं करता?"

"वकीलसाहेब, ती वस्तू आपली नाही. ठेवायला दिलेली आहे. कार्डावर अट आहे, अंगठा आहे."

"कार्ड म्हणजे काही दस्त नव्हे. आणि अनुदान कोण देतं, मालूबाई?"

यावर मास्तर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. वकिलांनी ते ऐकून घेतलं, कारण मास्तरांची छडी त्यांनीही लहानपणी खाल्ली होती. पण निर्णय बदलला नाही.

कोकिळाबाईंनी ताट वाढता वाढता विचारलं, "अहो, शाळेत पोरांना तुम्हीच सांगत होता ना, विचारलंय तेवढंच लिहा म्हणून? मग स्वतः एवढं कशाला लिहिलंत?" मास्तर ताटावरून उठले. खरं बोलणं त्यांना ताटावर कधीच पचत नसे.

न्यायला माणूस आला तो नेमका कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी. मास्तर त्याच्या विनवण्या करून थकले. सोमवारी न्या, मी स्वतः भोपाळला आणून देतो, माझ्या खर्चाने. तो म्हणाला, जीप आज परत जायची आहे, मला हुकूम आहे. तेव्हा मास्तरांनी जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. कपाटाची किल्ली हरवल्याचं सांगितलं. कान लाल, नजर जिन्याकडे. ज्याने आयुष्यभर पोरांच्या थापा पकडल्या, त्याला स्वतःला एक धड मारता येईना. वकीलसाहेबांकडून दुसरी किल्ली आली आणि प्रश्न मिटला. मुखवटा गवतात गुंडाळून खोक्यात गेला. निदान अट तरी भोपाळवाल्यांच्या डोळ्यांसमोर राहील, म्हणून मास्तरांनी कार्डही सोबत ठेवलं.

रविवारी ते रिकाम्या हातांनी धूलकोटच्या बसमध्ये बसले. चिठ्ठी पाठवली असती तरी चाललं असतं. पण चिठ्ठ्यांवरचा त्यांचा विश्वास आता उडाला होता.

उखर्डू आणि गोटू दोघेही वेशीवरच उभे होते. एकमेकांपासून लांब, पण उभे होते. मास्तरांच्या हातात काही नाही हे पाहून दोघांचे चेहरे उतरले. मास्तरांनी सगळं सांगितलं. भोपाळ, प्रदर्शन, जीप.

"परत कधी येईन?" गोटूने विचारलं.

"प्रदर्शन झाल्यावर. कदाचित."

"म्हंजे नईच," उखर्डू म्हणाला. "सरकारच्या घरात गेलेली चीज परत येते का कुठं? अन नुसतं नारळ बसवाचं त मंग ते दुकानातबी भेटते. त्याच्यासाठी दुसऱ्याच्या उंबऱ्यावर काय कराले जाऊ?"

"मीबी काय कराले येऊ?" गोटू म्हणाला.

मागून आलेल्या मालूबाईने दोघांनाही हात जोडले. "अरे, नारळ त येकच हाये ना! त्याच्यापुढं बसा!" पण बोलणी मुखवट्यावर झाली होती, नारळावर नाही, असं दोघेही म्हणाले. एवढ्या एका गोष्टीवर त्या भावांचं एकमत झालं आणि दोघे दोन दिशांनी घरी गेले.

संध्याकाळी भिंतीच्या दोन बाजूंना दोन कानबाया बसल्या. दोन चुली पेटल्या, दोन घरांत दोन रोट भाजले. इकडच्या बायकांनी गाणं धरलं की तिकडच्या वरचा सूर लावत, आणि शेवटी दोन्हीकडचं काहीच समजेनासं झालं. शेवटची बस चुकलेले मास्तर बाहेरच्या ओट्यावर बसून होते. दोन्ही घरांतून त्यांना चहा आला. त्यांनी तो घेतला नाही.

मालूबाई येऊन शेजारी टेकली. दोन्ही घरांनी बोलावलं होतं. तिने दोन्हीकडे उपास सांगितला होता.

"माझी चूक आहे, मालूबाई," मास्तर एकदम म्हणाले. "मी एवढं लिहायलाच नको होतं. लोकांना कळावं म्हणून लिहिलं, आणि कळलं नको त्यांना!"

"काय लिहिलं व्हतं असं? मले त वाचता येत नई. वाचून दाखवा."

"कार्ड गेलं तिकडेच."

"तुमाले पाठ असन."

होतंच. मास्तरांनी म्हणायला सुरुवात केली, आधी हळू, मग नेहमीच्या खड्या आवाजात. ही कानबाई चुडामणच्या भावांची, दोन्ही घरांची. भाऊ बोलत नाहीत, पण श्रावणात ही घरी आली की दोघे एका पंगतीत शेजारी बसून रोट खातात. थोरला म्हणतो, सरक जरा. धाकटा सरकतो. मालूबाई मान हलवत ऐकत होती. भिंतीच्या दोन्ही बाजूंना गाणी चालूच होती.

"चांगलं लिहिलं," ती म्हणाली.

"चांगलं कसलं! आता खोटं झालं ते. उद्याच भोपाळला पत्र टाकतो, की पाटी बदला. खोटी पाटी मी माझ्या हयातीत कुठे राहू दिली नाही."

मालूबाईने आधी एका दाराकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडच्या दुसऱ्या.

"तथचे लोक काय वाचतीन, मास्तर? दोघं भाऊ येका पंगतीत बसता, हेच ना?"

"हेच."

"मंग राहू द्या ना," ती म्हणाली. "आथी त नई बसले. तथी तरी बसू द्या."

मास्तरांनी ते पत्र कधी लिहिलं नाही.